वॅगनवाले, सावदा

माझा आवाज बसला की आमच्या घरी सण असतो. बायको म्हणते, "चला, दोन दिवस तरी घरात माणसासारखं बोलणं होईल." एरवी मी साधा चहा मागितला तरी शेजारचे दार उघडून बघतात, काय झालं म्हणून. कबड्डीच्या मैदानावर उभं आयुष्य काढलेल्या निवेदकाची ही अशीच गत होते. घसा खरवडून निघतो, कान अर्धे होतात आणि हळू बोलायचं कसं असतं हे माणूस विसरून जातो.

मी सावद्याचा. बाजारात साउंड सर्व्हिसचं छोटं दुकान, ते आता मुलगा बघतो. लग्न, हळद, कीर्तन, पुढाऱ्यांच्या सभा यांवर आमचं पोट चाललं. पण जीव होता तो कबड्डीत. यात्रा असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, कुठल्या मंडळाचा वर्धापनदिन असो, रावेर-यावलपासून धरणगाव, अमळनेर, पार धुळे-शिरपूरपर्यंत मैदान आखलं गेलं की मला निरोप यायचा, "सुधाकरभाऊ, या, भोंगे घेऊन या."

लोकांना वाटतं, माईक हातात आला की झालं, काय, तोंड तर चालवायचं. अरे, चालवून बघा! चौदा खेळाडूंची नावं सामना सुरू व्हायच्या आत तोंडपाठ पाहिजेत, आणि त्यात तिघं पाटील नि चौघं कोळी असतात. खेळाडू चढाईला मध्यरेषा ओलांडून गेला की माईक बंद. त्याचा दम, ते 'कबड्डी-कबड्डी', पंचाला ऐकू गेलं पाहिजे. तो परत आला किंवा पकडला गेला की मग आपण बोलायचं, आणि सरपंचाचा, म्हणजे मुख्य पंचाचा, हात वर जायच्या आत गुण सांगायचा नाही. मधल्या वेळात हरवलेली चप्पल, हरवलेलं पोर, कोणाची मोटरसायकल कोणाच्या ओट्याला आडवी लागली ते सगळं आपणच पुकारायचं. एकदा फैजपूरकडच्या एका गावात एक म्हातारबा ऐन सामन्यात माझ्या टेबलाशी आले नि म्हणाले, "भाऊ, आमच्या सूनबाईले सांग, दूध उतू चाललं." मी सांगितलं. सूनबाई प्रेक्षकांतून उठून पळाल्या आणि त्यांना त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते गुरुजी सांगायचे, निवेदकाला गाव नसतं. दिसेल ते सांगायचं आणि कागदावर असेल ते वाचायचं. आपल्या मनातलं बोलायला माईक नाही. मी ते इतकं पाळलं की मैदानाबाहेरसुद्धा मनातलं बोलायची सवय राहिली नाही. पण एका संघाचं नाव पुकारताना माझा स्वर चढायचा म्हणे. मी नाही म्हणतो. बायको म्हणते, साफ खोटं, घरी आले की त्या संघाचं नाव घेतल्याशिवाय भाकरीला हात लावत नव्हते.

तो संघ म्हणजे वॅगनवाले. आणि ते नाव मी ठेवलेलं.

धरणगावच्या एका यात्रेतली स्पर्धा. मी तेव्हा नवखा होतो, मिसरूडही धड फुटलेली नव्हती. आलेला एक संघ परतला म्हणून त्याच्या जागी ऐनवेळी सावद्याचा एक संघ घेतला गेला. माझ्याच गावचे, पण मी त्यांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. सगळे स्टेशनवरचे केळीचे हमाल. त्या काळात आमच्या स्टेशनला केळीची मालगाडी लागायची. बैलगाडीतून आलेले घड हातोहात वॅगनमध्ये जायचे, खाली वाळलेल्या पानांची गादी, वर घड उभे रचलेले. हे लोक सकाळी वॅगन भरून, दुपारची गाडी पकडून तसेच आले होते. अंगातल्या बनियनवर केळीच्या चिकाचे काळे डाग. हा चीक एकदा कापडाला लागला की कापड फाटतं, डाग जात नाही. त्यांचे मुकादम मोतीराम नाना हे संघाचे म्होरके. मी टेबलावरून विचारलं, "नाना, संघाचं नाव काय लिहू?"

नाना म्हणाले, "नाव कायचं? खेयाले आलो आम्ही. नाव ठेवाले बारसं आहे का?"

समोरचा संघ मैदानात उतरलेला, सरपंचाच्या तोंडात शिट्टी, आणि माझ्या कागदावर कोरी जागा. मी त्या चिकाच्या डागांकडे बघितलं आणि माईकवर बोलून गेलो, "आणि समोरून येत आहेत... वॅगनवाले, सावदा!"

लोक खो खो हसले. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की आज काही आपण धड घरी जात नाही असं मला वाटलं. पण सामना सुरू झाला आणि हसणारे गप्प झाले. दिवसभर घड उचलणाऱ्या त्या हातांत एकदा पाय सापडला की सुटत नव्हता. जिंकून झाल्यावर नाना घाम पुसत टेबलाशी आले. "भाऊ, मगाशी काय म्हनला होता तू आमाले?"

"चुकलं नाना. घाईत तोंडातून गेलं."

"चुकलं काहून? तेच राहू दे."

तेच राहिलं. आणि त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली. वॅगनमध्ये शेवटचा घड गेला की नाना खालून ओरडायचे, "भरली का?" आतून हमाल ओरडायचे, "भरली! सोडा!" मग दार लागायचं. एकदा सावद्याच्याच मैदानावर आमच्या पोरांनी समोरचा आख्खा संघ बाद केला. कबड्डीत त्याला लोण चढवणं म्हणतात, त्याचे जादा गुण मिळतात. मला काय सुचलं कोण जाणे, मी गुण सांगायच्या ऐवजी माईकवर विचारलं, "सावदा, भरली का?" आणि चारी बाजूंनी आवाज आला, "भरली! सोडा!" बायका, म्हातारे, झाडावर चढून बसलेली पोरं, सगळे. त्या दिवसापासून प्रत्येक लोणला मी विचारायचो आणि गाव उत्तर द्यायचं. माझ्या धंद्यातली खरी कमाई विचाराल तर तेवढीच. निवेदक अर्धंच बोलतो, उरलेलं अर्धं समोरून यावं लागतं. ते यायला लागलं की घशाचं दुखणं आठवत नाही.

या नावाची कीर्ती अशी की शत्रूलासुद्धा त्याचं वेड. धुळ्याला भटूभाऊ म्हणून एक रिक्षावाले होते, आहेत. धुळ्याच्या संघाचे कट्टर. वॅगनवाले खेळायला आले की हे गृहस्थ रिक्षा बंद करून पहिल्या रांगेत बसायचे आणि पहिल्या चढाईपासून शेवटच्यापर्यंत आमच्या पोरांना शिव्या घालायचे. "बठ्ठा वॅगनवाला चोट्टा शेतस! पंचले केया खावाडी दिन्यात!" म्हणजे सगळे वॅगनवाले चोर, पंचाला केळी खाऊ घातली. सामना संपला की हेच भटूभाऊ संघाला रिक्षात कोंबून फुकट बसस्टँडवर सोडायचे. मी एकदा विचारलं, एवढ्या शिव्या आणि वर फुकट रिक्षा? तर म्हणाले, "भाऊ, शिव्या देवाले बी मानूस आपला लागस." शिव्या द्यायलासुद्धा माणूस आपला लागतो म्हणे.

दिवस बदलले. केळी क्रेटमध्ये बसून ट्रकने, कंटेनरने जायला लागली. मालगाडी कधी लागते, कधी लागत नाही. मोतीराम नाना गेले. मातीच्या मैदानावर मॅट आली. खेळणारी पोरं आता कॉलेजात जाणारी, बागायतदारांच्या घरातली. घड खांद्यावर वाहायची वेळ त्यांच्यावर आली नाही, येऊही नये. पण नाव तेच राहिलं, आणि लोणला मिळणारं उत्तर तेच राहिलं. मला वाटत होतं, आपण जाऊ, हे राहील.

मग जिल्ह्यात लीग सुरू झाली. दूरचित्रवाणीवरचं बघून आपल्याकडेही. प्रत्येक संघाला एक मालक पाहिजे, रंगीत गणवेश पाहिजे, गाणं पाहिजे. आमच्या संघाला जळगावचे एक शेठ मिळाले. छपराच्या रंगीत पत्र्यांचा त्यांचा कारखाना. नाव सांगत नाही, कारण माणूस खरोखर भला आहे आणि पुढच्या गोष्टीत त्यांचं थोडं हसं होणार आहे. आमचा कर्णधार योगेश मला सांगायला घरी आला. म्हणाला, "काका, शेठ म्हणतात नाव बदलावं लागेल. लीगमध्ये असं नाव चालत नाही."

"असं म्हणजे कसं?"

योगेश खाली मान घालून म्हणाला, "काका, लीग खेळलो तर कोणी तरी बघेल. पोलीस, रेल्वे, कुठे तरी खेळाडूच्या जागेवर नंबर लागेल. यात्रेत खेळून कोणाला नोकरी लागली?"

पोरगं बरोबर होतं. मी म्हटलं, "खेळ बाबा, खेळ. नावाचं काय एवढं." आणि तो गेल्यावर नसलेलं काम काढून माईकची वायर गुंडाळत बसलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, घसा बसलाय. आवाज चांगला खणखणीत होता माझा.

नव्या नावाचा समारंभ जळगावला एका मोठ्या हॉलमध्ये झाला. सावद्याहून आम्ही एक गाडी भरून गेलो होतो. स्टेजवर धूर सोडला, गाणं वाजलं, पडदा सरकला आणि मागे मोठ्या अक्षरांत नाव उजळलं : तापी तुफान. खाली चित्र. गरगर फिरणारा निळा वारा, त्याला लाल डोळे, आणि दात. मी सवयीने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि आमच्या रांगेकडे बघितलं. आमची माणसं तेराव्याला बसल्यासारखी बसली होती. एकाचाही हात हलला नाही.

जळगावच्या शहरातल्या माणसाला हे कळणं अवघड आहे, म्हणून सांगतो. केळीचं झाड म्हणजे झाड नव्हेच, नुसतं पाण्याने भरलेलं खोड. घड भरला की ते पुढे झुकतं. वर्षभर पाणी, खत, राखण, सगळं करून घड काढणीला येतो तो नेमका वैशाख-ज्येष्ठात, आणि नेमका तेव्हाच वळवाचा वारा सुटतो. पान खाण्याएवढाही वेळ लागत नाही, उभी बाग झोपते. लोक बांधावर शेवरीची दाट ओळ लावतात, वारा अडवायला. बाकी हात जोडण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून आमच्याकडे बऱ्याच घरांत आखाजीपासून पाऊस लागेपर्यंत वादळाचं नाव घेत नाहीत. घ्यायचंच झालं तर 'पाहुणा' म्हणतात. "रात्री पलीकडच्या शिवारात पाहुणा येऊन गेला." माझी बायको टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या की आवाज बंद करते. आणि शेठनी ऐन आखाजीच्या तोंडावर त्या पाहुण्याला दात लावून, विजेच्या दिव्यांत आमच्यापुढे उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र चहाच्या टपरीवर तोंडं सुटली. एक म्हणाला, "शेठचं बरं आहे भो, वारं आलं की त्याचे पत्रे खपतात." दुसरा म्हणाला, "पोराचं नाव कोणी पटकी ठेवतं का?" व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर शिमगाच. कोणी तरी स्टँडवर फ्लेक्स लावला, 'आम्ही वॅगनवालेच'. तो बघायला मी काहीही काम नसताना स्टँडवर जाऊन आलो. दोनदा गेलो, खरं सांगायचं तर.

धुळ्याहून भटूभाऊंचा फोन आला. आवाज एवढा पडलेला की मला वाटलं घरात कोणी गेलं. "सुधाकरभाऊ, हाई काय आयकी राह्यनू मी? वॅगनवाला आते वॅगनवाला नहीत?"

"नाही भटूभाऊ. तुफान झाले."

"मंग मी शिव्या कोनले देऊ? तुफान ते येस नि जास. त्याले शिव्या दिसन काय उपेग?" आणि थोडं थांबून म्हणाले, "मना बी संघच ग्या ना भाऊ." माझाही संघच गेला, म्हणत होते. त्यांच्या संघाचं नाव होतं तेच होतं. पण मला त्यांचं म्हणणं कळलं. त्या सगळ्या गदारोळात माझ्या मनातलं बोलणारा तो एकच माणूस, आणि तोही धुळ्याचा.

लीगचा आमच्या मैदानावरचा पहिला सामना वैशाखातल्या एका संध्याकाळी होता. शेठच्या कचेरीतून मला छापील कागद आला होता. संघ मैदानात उतरताना मी म्हणायचं, 'आलं, आलं, कोण आलं?' आणि लोकांनी म्हणायचं, 'तुफान आलं!' हे तीनदा, आणि प्रत्येक लोणला पुन्हा तेच. दिवसभर हवा कोंडलेली होती आणि पश्चिमेकडे ढग जमत होते. आमचे प्रेक्षक सामन्यापेक्षा त्या ढगांकडेच जास्त बघत होते. बायकांच्या बाजूला पुढे दुर्गाअक्का बसल्या होत्या. अक्का म्हणजे आमच्या प्रेक्षकांच्या पुढारी. स्वतःची केळीची बाग, नवरा गेल्यापासून एकटीने सांभाळलेली, आणि आवाज असा की त्यांना माईक लागत नाही. 'भरली! सोडा!'ची पहिली आरोळी त्यांचीच असायची.

संघ आला. मी कागद समोर धरला आणि वाचलं, "आलं, आलं, कोण आलं?"

कोणी उत्तर दिलं नाही. टेबलावरच्या पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकं शांत. मी दुसऱ्यांदा वाचलं. माझाच आवाज भोंग्यातून समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. एवढी वर्षं बोललो, पण रिकामा परत आलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तिसऱ्यांदा वाचायच्या आत दुर्गाअक्का उभ्या राहिल्या. "सुधाकरभाऊ!" त्या मैदानापलीकडून म्हणाल्या, "ज्याचं नाव आम्ही घरात घेत नही, त्याले तू भोंग्यावरून गावात बोलावतं? वर पाह्य जरा आभायाकडे!"

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. अक्कांनी पदर खोचला आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे बायकांची बाजू उठली, मग म्हातारे, मग बाकीचे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. माणसं मोटरसायकली काढून आपापल्या बागेकडे निघून गेली. राहिले ते शेठची माणसं, पाहुण्या संघाबरोबर आलेले लोक आणि भेळेची गाडी.

आमची पोरं त्या दिवशी फार सुंदर खेळली. योगेशने एका चढाईत तिघांना बाद केलं आणि दोनदा लोण चढवलं. दोन्ही वेळा मी कागदावरचं वाचलं आणि कोणी काही बोललं नाही. सामना संपल्यावर योगेश टेबलाशी आला. अंगातून घाम निथळत होता. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत त्याने विचारलं, "काका, जिंकलो ना आपण?"

मी म्हटलं, "जिंकलो रे राजा." त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोराचे डोळे भरले होते, आणि माझे काय वेगळे होते?

पाहुणा त्या दिवशी आला नाही, ढग तसेच पुढे सरकले. तरी त्या संध्याकाळी मला आतून बरं वाटत होतं. मी मनात म्हणत होतो, बघा! आपण मेलं समजत होतो, पण नाव जिवंत आहे. लोकांना वॅगन पाहिजे. नानांनी सांगितलं, राहू दे, आणि गाव ते राहू देणार. त्या आनंदात मी घरी जाऊन भाकरी जास्त खाल्ली.

शेठनाही बातमी पोचली. आठवडाभरात ते स्वतः सावद्याला आले. केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये बैठक बसली, क्रेटवर पोती टाकून. गावाने मला सांगितलं, तू बोल, तुला बोलायची सवय. म्हणतात ना, बोलणाऱ्याची बोरं विकतात. मी उभा राहिलो. आधी वादळाचं सांगायचं आणि मग वॅगनचं, असं मी मनाशी जुळवून आलो होतो. शेठना केळी आणि वारा समजावून सांगितला. गेल्या सालीच शेजारच्या शिवारातली उभी बाग कशी झोपली ते सांगितलं. घरातली माणसं पाहुणा का म्हणतात ते सांगितलं. शेठ ऐकता ऐकता पांढरे पडले. मी दम घ्यायला थांबलो, आणि तेवढ्यात ते हात जोडून उभेच राहिले.

"अरे देवा. मला खरंच माहीत नव्हतं हो. आजच बदलू. आत्ताच्या आत्ता बदलू!"

शेडमध्ये टाळ्या. शेठबरोबर कचेरीतला एक तरुण आला होता, तो म्हणाला, "टायगर्स केलं तर? तापी टायगर्स. गणवेशाचा रंगही बदलायला नको." कोणी तरी म्हणालं, "वाघ चालंल. सातपुड्यात हायेच वाघ." दुसरं कोणी म्हणालं, "वाघ बागेचं काही खात नाही." हशा पिकला. मी उभाच होतो. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो, आता कोणी तरी म्हणेल, आता कोणी तरी म्हणेल, अहो, आपलं नाव होतं ना चांगलं? योगेश हसत होता, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. स्टँडवर फ्लेक्स लावणारी पोरं शेठबरोबर फोटो काढत होती. चहा आला. माझ्या हातात कप दिला कोणी तरी, म्हणालं, "काय बोलला भो सुधाकरभाऊ तू! एकदम झकास." मग मी खाली बसलो.

मी का बोललो नाही? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या शेडमध्ये माईक नव्हता, गुरुजी नव्हते, कागद नव्हता. कोणी माझं तोंड धरलं नव्हतं. पण गावाचं म्हणून जे होतं ते सांगून झालं होतं, आणि उरलं होतं ते फक्त माझं. ते एकट्याचं बोलायची जीभच मला कधी फुटली नाही.

टायगर्सचा पहिला सामना सावद्यालाच झाला. मैदान गच्च. दुर्गाअक्का पुढच्या रांगेत, डोक्यावर शेठनी वाटलेली पिवळी टोपी. नवा कागद माझ्या हातात होता. मी वाचलं, "सावदा, कोण आलं?" आणि लोकांनी असं उत्तर दिलं, "टायगर!" की टेबलावरचा पाण्याचा पेला हलला. लोणला पुन्हा तेच. हे लिहायला मला जड जातं, पण लिहितो : वॅगनवाल्यांना एवढा मोठा आवाज कधी मिळाला नव्हता. माणसंही वाढली होती, आणि नाव सोपं होतं. लहान लहान लेकरं दोन्ही हातांचे पंजे करून ओरडत होती. पुढे योगेशला लीगमुळे खरंच बोलावणं आलं, तो आता नोकरीत आहे, दिवाळीला पेढे घेऊन येतो. सगळं चांगलंच झालं म्हणायचं.

त्या दिवशी दोन सामन्यांच्या मध्ये मी पाणी प्यायला म्हणून अक्कांच्या बाजूला गेलो. मला वाटत होतं, निदान अक्का तरी. मी हळूच म्हटलं, म्हणजे माझ्या मानाने हळू, "अक्का, आपलं 'भरली, सोडा' आता राहिलंच."

"राह्यलं तर राह्यलं," अक्का टोपी सारखी करत म्हणाल्या. "पोरं आपली, मैदान आपलं. नाव काय, काही बी असो. पाहुण्याचं नव्हतं पाह्यजे, एवढंच." मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं त्यांनी. काही तरी दिसलं असेल. "काहून भाऊ? त्या दिवशी शेडात तू एवढा जीव तोडून बोलला, तो कशासाठी बोलला? तुले काय पाह्यजे होतं?"

मला वॅगन पाहिजे होती. नाना पाहिजे होते, चिकाचे डाग पडलेली ती बनियनं पाहिजे होती, आणि मी अर्धं बोलल्यावर गावाने उरलेलं अर्धं बोलायला पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं मला.

"तुमच्या बागेसाठीच बोललो अक्का," मी म्हटलं.

अक्कांचे डोळे एकदम पाण्याने भरले. टोपी काढून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "देव तुझं भलं करो रे भाऊ," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या बायकांना सांगायला लागल्या की सुधाकरभाऊसारखा गावाचा विचार करणारा माणूस नही.

टेबलावरून पंचांनी हाक मारली. दुसऱ्या सामन्याचे संघ उभे होते. मी जाऊन माईक उचलला, तोंडाशी धरला आणि कागदावर लिहिलेली नावं एकामागून एक पुकारली.